जुने ई-१ पॅकेट नेटवर्कवर न्यायचेत? आधी क्लॉक बघा, मग बॉक्स

सबस्टेशनच्या कम्युनिकेशन रूममध्ये एसटीएम-४ चा मक्स (एसडीएच या जुन्या पद्धतीचा, अनेक सर्किटं एका फायबरवर बसवणारा मल्टिप्लेक्सर) वर्षानुवर्षं गुमान चालू असतो. मग एक दिवस त्याचं कार्ड जातं, स्पेअर मागितलं तर कंपनी म्हणते मॉडेलच बंद झालं, आणि तिकडे स्कॅडावाले (सबस्टेशन दुरून बघणारे-चालवणारे), सीसीटीव्हीवाले, ऑफिसवाले सगळे इथरनेट द्या म्हणून मागे लागलेले असतात. मग ठरतं की पॅकेट ट्रान्सपोर्टचा बॉक्स घेऊ, त्यात ई-१ चे (२ एमबीपीएसच्या जुन्या डिजिटल सर्किटचे) पोर्ट पण असतात आणि गिगाबिट पण, झालं काम. बॉक्स येतो, रॅकमध्ये चढतो, ई-१ अप होतो, सगळे खूश. आणि थोड्या दिवसांनी प्रोटेक्शनवाल्यांचा फोन येतो की रिलेचा (लाईनवर फॉल्ट आला की ती ट्रिप करणाऱ्या यंत्राचा) चॅनल फेल अलार्म येऊन-जाऊन करतोय.

हा फोन यायच्या आधी काय काय करून ठेवायचं ते इथे लिहितोय. उदाहरण २२० केव्ही लाईनच्या दोन टोकांचं घेतलंय कारण सगळ्यात नाजूक गिऱ्हाईक तेच. मोबाईल टॉवरचा बॅकहॉल असेल, रेल्वेचं कंट्रोल सर्किट असेल किंवा कुणाची जुनी लीज लाईन असेल तरी पायऱ्या ह्याच, फक्त कोण किती सहन करतं त्यात फरक.

सर्किटांची यादी, आणि त्यातली कापाकापी

डीडीएफसमोर (सगळ्या ई-१ केबल जिथे येतात त्या फ्रेमसमोर) वही घेऊन उभं राहायचं आणि एकेक केबल कुठून कुठे जाते ते लिहायचं. एनएमएसवरची (नेटवर्क सांभाळायच्या सॉफ्टवेअरवरची) यादी धरून चालायचं नाही, त्यात निम्मी सर्किटं मेलेली असतात आणि काही जिवंत सर्किटं नसतात. प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा: इंटरफेस काय आहे, फ्रेम्ड (टाईमस्लॉटमध्ये, म्हणजे ठरलेल्या कप्प्यांत, विभागलेलं) आहे की अनफ्रेम्ड, किती टाईमस्लॉट खरंच वापरात आहेत, आणि क्लॉक, म्हणजे बिट किती वेगाने जायचे ते ठरवणारा ठोका, कोण देतं.

ई-१ म्हणजे २.०४८ एमबीपीएस, त्यात ६४ केबीपीएसचे ३२ टाईमस्लॉट, पैकी शून्य नंबरचा फ्रेमिंगला आणि सीएएस सिग्नलिंग (कॉल लावण्या-तोडण्याचे संकेत) असेल तर सोळावा सिग्नलिंगला. एका एसटीएम-१ मध्ये असे ६३ ई-१ बसतात, पण यादी पूर्ण झाली की लक्षात येतं की खरे कामाचे जेमतेम दहा-बारा आहेत.

आता कापाकापी. आरटीयू (स्कॅडाला आकडे पाठवणारा डबा) अजून सिरीयलवर १०१ प्रोटोकॉल बोलत असेल आणि त्याला १०४ चं, म्हणजे त्याच प्रोटोकॉलच्या आयपी रूपाचं, कार्ड किंवा लायसन्स मिळत असेल तर त्याला सरळ इथरनेटवर घ्या. एक्स्चेंजची पीआरआय (ई-१ वरची फोन लाईन) असेल तर सिपवर (आयपीवरच्या फोनवर) न्या. जे आयपी होऊ शकतं ते सर्किट इम्युलेशनवर (ई-१ चे बिट पॅकेटमध्ये भरून पलीकडे पुन्हा ई-१ करणं) ओढत बसायचं नाही, कारण प्रत्येक इम्युलेटेड ई-१ म्हणजे कायमची एक क्लॉकची जबाबदारी. शेवटी उरतात ते खरे हट्टी: लाईन डिफरन्शियल रिलेचा (लाईनच्या दोन टोकांचे करंट ताडून बघणारा) सी-३७.९४ किंवा जी.७०३ इंटरफेसवरचा चॅनल, टेलिप्रोटेक्शन कपलर (समोरच्या टोकाला ट्रिपची आज्ञा पोचवणारा), आणि क्वचित एखादी ई अँड एम हॉटलाईन (जुन्या पद्धतीची थेट फोन लाईन). प्लॅन ह्यांच्यासाठी करायचा, बाकीचं आपोआप बसतं.

क्लॉक

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. एसडीएचमध्ये क्लॉक फुकट मिळायचा, लाईनमधूनच यायचा, म्हणून कोणी विचार करायचं नाही. साध्या इथरनेटमध्ये प्रत्येक पोर्ट आपापल्या क्रिस्टलवर चालतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. ई-१ चं बिघडतं.

हिशोब करून बघा. ई-१ ला ±५० पीपीएम (दहा लाखात ५०) चालतं. दोन टोकांत ५० पीपीएमचा फरक पडला तर सेकंदाला साधारण १०२ बिट इकडेतिकडे होतात, आणि एक फ्रेम २५६ बिटची, म्हणजे दर अडीच सेकंदाला एक स्लिप, अख्खी एक फ्रेम गळते किंवा दोनदा जाते. फरक ४.६ पीपीएमवर आणला तरी २७ सेकंदाला एक. आणि दोन्ही टोकं वेगवेगळ्या पण खऱ्या प्रायमरी रेफरन्स क्लॉकवर असली, म्हणजे १० चा उणे अकरावा घात ही अचूकता, तर अगदी वाईट धरलं तरी ७२ दिवसांत एक. आवाजाच्या कॉलला स्लिप म्हणजे टिक् असा आवाज, फॅक्सला पान खराब, रिलेला चॅनल एरर.

क्लॉक पोचवायचे मार्ग मोजकेच. सिंक्रोनस इथरनेट म्हणजे लाईनच्या बिटरेटमधूनच फ्रिक्वेन्सी नेणं, अगदी एसडीएचसारखं, ट्रॅफिक किती आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. माझं मत स्पष्ट आहे, स्वतःचा फायबर असेल तर हेच घ्या, दुसरं बघूच नका. पीटीपी (पॅकेटमधून वेळ नेणारा प्रोटोकॉल) म्हणजे आयईईई १५८८ लागतो तो फेज किंवा वेळ हवी असेल तर, टीडीडी मोबाईलला (एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवणं-घेणं) ±१.५ मायक्रोसेकंद लागतं तिथे त्याच्याशिवाय नाहीतर जीपीएसशिवाय इलाज नाही. अॅडाप्टिव्ह क्लॉक रिकव्हरी म्हणजे पॅकेट किती वेगाने येतायत त्यावरून क्लॉकचा अंदाज बांधणं, मधलं नेटवर्क दुसऱ्याचं असेल तेव्हाचा हा नाइलाज, नेटवर्कवर लोड आला की क्लॉक डुलायला लागतो. डिफरन्शियल रिकव्हरी त्यापेक्षा चांगली, पण तिला दोन्ही टोकांना सामाईक क्लॉक आणि पॅकेटमध्ये आरटीपी हेडर (वेळेचा शिक्का) लागतो.

सिंक्रोनस इथरनेट लावताना फसायच्या जागा ठरलेल्या आहेत. कॉपर एसएफपी (तांब्याच्या तारेचं पोर्ट मॉड्यूल) टाकला तर बऱ्याच मॉड्यूलमधून क्लॉक पलीकडे जातच नाही, आणि पोर्ट हिरवा दिसतो म्हणून कुणाला शंका येत नाही. मध्ये कुणी साधा स्विच किंवा मीडिया कन्व्हर्टर घुसवला तर साखळी तिथेच तुटली. रिंगमध्ये ईएसएमसी (क्लॉकच्या क्वालिटीचे निरोप) चालू ठेवा, म्हणजे प्रत्येक नोड आपल्या क्लॉकची क्वालिटी शेजाऱ्याला सांगतो आणि ज्याच्याकडून क्लॉक घेतला त्याला उलट ‘माझा वापरू नको’ असं कळवतो. हे बंद असेल तर फायबर तुटल्यावर दोन नोड एकमेकांकडून क्लॉक घेत गोल फिरत बसतात, टायमिंग लूप, आणि अलार्म एकही नाही. साखळीची लांबी पण मोजा, मध्ये एसएसयू (क्लॉक गाळून स्वच्छ करणारं युनिट) नसताना सलग २० क्लॉकच्या पुढे जायचं नाही हा एसडीएचचा जुना नियम इथेही तसाच लागू आहे.

आणि मायग्रेशनच्या मधल्या काळातली अडचण वेगळीच. जुनं एसडीएच आणि नवं पॅकेट दोन्ही चालू असतात. त्या काळात पॅकेट नोडला क्लॉक एसडीएचच्या २ मेगाहर्ट्झच्या सिंक आउटपुटवरून द्या, एकाच जागेवरून, एकाच दिशेने. दुसऱ्या टोकाला कुणी ‘असू दे बॅकअप’ म्हणून पॅकेटवरून एसडीएचला रेफरन्स दिला की दोन नेटवर्कांमधून लूप तयार झाला, आणि तो कुठल्याच एका एनएमएसवर दिसत नाही. कुठला नोड कुठून क्लॉक घेतो, पहिला-दुसरा प्रायॉरिटी काय, हे एका कागदावर बाण काढून भिंतीवर लावा.

रस्ता: जायचा-यायचा एकच

पॅकेट ट्रान्सपोर्ट म्हटलं की आपल्याकडे सहसा एमपीएलएस-टीपी, बीएसएनएलचं सीपॅन त्याच जातीचं. नेहमीच्या एमपीएलएसपेक्षा ह्यात फरक असा की रस्ता राउटर ठरवत नाही, तुम्ही एनएमएसवरून ठरवता, लोड बॅलन्सिंगच्या नावाखाली पॅकेट वाटेल त्या लिंकवर जात नाहीत, आणि जायचा-यायचा रस्ता एकाच फायबरवरून बांधता येतो. डिफरन्शियल रिलेला नेमकं हेच लागतं.

का, ते बघा. दोन टोकांचे रिले एकमेकांना करंटची सॅम्पलं पाठवतात आणि ती एकाच क्षणाची आहेत असं धरून वजाबाकी करतात. क्षण जुळवायला बहुतेक रिले पूर्ण फेरीचा डिले मोजतो आणि निम्मा करतो. जायला १ मिलिसेकंद आणि यायला २ लागत असतील तर रिलेला वाटतं दोन्हीकडे दीड, म्हणजे अर्धा मिलिसेकंद चूक. ५० हर्ट्झला एक सायकल २० मिलिसेकंदांची, म्हणजे एका मिलिसेकंदाला १८ अंश, अर्ध्याला ९. नऊ अंशांच्या चुकीने लाईनमध्ये काही फॉल्ट नसताना लोड करंटच्या साधारण १६ टक्के खोटा डिफरन्शियल करंट दिसतो. सेटिंग बारीक असेल तर ट्रिप. जीपीएसवर सिंक होणारे रिले ह्यातून सुटतात, पण ते जीपीएस गेल्यावर काय करतात हे रिलेवाल्यांना आधीच विचारून ठेवा.

हा एक मिलिसेकंद येतो कुठून? फायबरमध्ये किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद. सरळ रस्ता १०० किमी म्हणजे अर्धा मिलिसेकंद, रिंगचा उलटा रस्ता ३०० किमी म्हणजे दीड. एकाच दिशेचा फायबर तुटला आणि फक्त तीच दिशा उलट्या रस्त्याने गेली, की झाला बरोबर एक मिलिसेकंदाचा फरक. म्हणून एलएसपी (एमपीएलएसमधला ठरवून बांधलेला रस्ता) बांधताना बायडायरेक्शनल, को-रूटेड (दोन्ही दिशा एकाच वाटेने), आणि प्रोटेक्शन स्विचिंगही (पर्यायी रस्त्यावर जाणंही) बायडायरेक्शनल, म्हणजे एक दिशा हलली की दुसरी पण हललीच पाहिजे. हे पॅकेटचंच दुखणं आहे असं नाही हं, एसडीएचचं एसएनसीपी (आपोआप पर्यायी रस्त्यावर जाणं) पण सहसा एकेका दिशेने स्विच व्हायचं आणि म्हणूनच कित्येक ठिकाणी रिलेच्या सर्किटला हे रस्त्याचं प्रोटेक्शन मुद्दाम बंद ठेवलेलं सापडतं. ते कुणी विसरलं असं समजून उत्साहाने चालू करू नका.

ओएएमचा (नेटवर्कची तब्येत तपासायच्या यंत्रणेचा) कंटिन्युइटी चेक ३.३३ मिलिसेकंदावर ठेवला तर साडेतीन पट म्हणजे सुमारे १२ मिलिसेकंदांत तुटलेलं कळतं आणि एकूण ५० च्या आत स्विच होतं. पण दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे बॉक्स जोडणार असाल तर खरेदीआधी एकच प्रश्न विचारा: तुमचं ओएएम जी.८११३.१ चं की जी.८११३.२ चं. पहिलं वाय.१७३१ च्या घराण्यातलं, दुसरं बीएफडीचं, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. ‘आम्ही एमपीएलएस-टीपी सपोर्ट करतो’ ह्या वाक्यावर सही करू नका.

स्यूडोवायरची सेटिंगं

स्यूडोवायर म्हणजे पॅकेट नेटवर्कमधून नेलेली ई-१ ची आभासी तार. तिचे दोन प्रकार. सॅटॉप, आरएफसी ४५५३, पूर्ण ई-१ जसाच्या तसा उचलून नेतो, फ्रेमिंग बघतच नाही. सीईएसओपीएसएन, आरएफसी ५०८६, फ्रेम ओळखतो आणि हवे तेवढेच टाईमस्लॉट नेतो. ई-१ अनफ्रेम्ड असेल किंवा आत काय आहे माहीत नसेल तर सॅटॉप. दोन-तीन टाईमस्लॉटच वापरात असतील किंवा वेगवेगळे स्लॉट वेगवेगळ्या गावी जायचे असतील तर दुसरा.

मग पॅकेटमध्ये किती बाइट भरायचे. सॅटॉपचा ई-१ साठीचा नेहमीचा आकडा २५६, म्हणजे ८ फ्रेम, म्हणजे पॅकेट भरायलाच १ मिलिसेकंद जातो. सगळे लेबल, कंट्रोल वर्ड, व्हीलॅन टॅग, इथरनेटचं हेडर आणि दोन फ्रेममधली मोकळी जागा धरून लाईनवर साधारण २.५ एमबीपीएस होतात. ६४ बाइट ठेवले तर भरायला पाव मिलिसेकंद, पण बँडविड्थ ३.८ एमबीपीएसच्या आसपास. गिगाबिट फायबरवर हा खर्च काहीच नाही, रिलेच्या सर्किटला बिनधास्त ६४ ठेवा. मायक्रोवेव्हवर विचार करा.

जिटर बफर म्हणजे गच्चीवरची टाकी, नळाला पाणी थांबत-थांबत आलं तरी खाली धार सलग हवी म्हणून. मोठी केली तर धार तुटत नाही पण डिले वाढतो. फायबरवर चांगली क्यूओएस (कुठलं पॅकेट आधी सोडायचं याची व्यवस्था) असेल तर १ ते २ मिलिसेकंद पुरतात. काही कंपन्या बफरचा आकडा एकूण लांबीचा देतात, काही मधल्या पातळीचा, त्यामुळे दोन बॉक्सवर ‘२’ लिहिलेलं असूनही डिले वेगळा येतो, मॅन्युअल वाचा. आणि आणखी एक, लिंक पडून परत आली की बफर नव्याने भरतो आणि दोन्ही टोकांना तो वेगवेगळ्या पातळीवर स्थिरावू शकतो. रस्ता अगदी सारखा असून इथेच असिमेट्री, म्हणजे दोन दिशांच्या डिलेत फरक, येते. म्हणून टेलिप्रोटेक्शनसाठी बनवलेल्या कार्डांत बफर नेमक्या पातळीवर परत आणायची किंवा दोन्ही दिशांचा डिले सारखा करायची सोय असते. रिले चालवायचे असतील तर ही सोय निविदेत लिहूनच घ्या.

क्यूओएस थोडक्यात: सर्किट इम्युलेशनला स्ट्रिक्ट प्रायॉरिटी, त्याच क्यूमध्ये दुसरं काही नाही, मॅनेजमेंट आणि ओएएमसुद्धा नाही. तरीही पुढे निघालेली एक मोठी फ्रेम मध्येच थांबवता येत नाही, १५१८ बाइटची फ्रेम गिगाबिटवर १२ मायक्रोसेकंद अडवते, १०० एमबीपीएसवर १२३. म्हणजे वाटेत एक जरी १०० एमबीचा दुवा असेल तर जिटर बफरचा हिशोब तिथून सुरू करा. मायक्रोवेव्ह हॉप असेल तर अॅडाप्टिव्ह मॉड्युलेशन बघा, कोकणात जुलैच्या पावसात लिंक खालच्या मॉड्युलेशनवर उतरते, तेव्हा उरलेल्या सगळ्यात कमी बँडविड्थमध्ये सगळे ई-१ बसले पाहिजेत. आणि अशा हॉपवरून डिफरन्शियल रिले न्यायच्या भानगडीत शक्यतो पडू नका.

जोडणी

ई-१ ७५ ओहमचा कोअॅक्स की १२० ओहमची जोडी हे आधी बघा, वेगळं निघालं तर बलून (दोन्ही जुळवणारा छोटा अडॅप्टर) लावा, तशीच तार जोडून ‘चालतंय की’ म्हणू नका, चालतं आणि महिन्याभराने एरर द्यायला लागतं. टीएक्स-आरएक्स कुणाच्या बाजूने लिहिलंय ह्यावर वाद घालण्यापेक्षा डीडीएफवर लूप टाका आणि बघा. सी-३७.९४ सहसा मल्टिमोड फायबरवर चालतो, तिथे कपाटात सापडलेली पिवळी सिंगलमोड कॉर्ड लावू नका. उणे ४८ व्होल्टच्या दोन फीड वेगळ्या चार्जरवरून, निदान वेगळ्या एमसीबीवरून.

टेस्टिंग

ई-१ वर बीईआर टेस्टर (चुकलेले बिट मोजणारा) लावून २ चा १५ वा घात उणे १ चा पॅटर्न, समोर लूप, किमान २४ तास, एकही एरर नको. पॅकेट नेटवर्कमध्ये २५६ बाइटचं एक पॅकेट गेलं की पूर्ण मिलिसेकंदाचा डेटा जातो, म्हणून ‘अधूनमधून एखादा’ हे इथे मान्य करायचं नाही. स्लिपही त्यातच कळेल, फक्त टेस्टरचा क्लॉक कुठून येतो ते नीट ठेवा नाहीतर टेस्टरचीच स्लिप मोजत बसाल.

टेस्ट चालू असताना दुसऱ्या पोर्टवरून कमी प्रायॉरिटीचं ट्रॅफिक फुल लाईन रेटने, मोठ्या फ्रेमचं, ओता. ई-१ ला कळायलाही नको. मग फायबर उपटा. दोन्ही कोअर एकदम काढणं सोपं असतं, सगळे तेच करतात आणि पास म्हणून सही घेतात. तुम्ही एकच कोअर काढा, मग दुसरा, मग नोडची पॉवर घालवा, मग क्लॉकचा मुख्य रेफरन्स काढा. प्रत्येक वेळी परत जोडल्यावर दोन्ही दिशांचा डिले वेगवेगळा मोजा. त्यासाठी दोन टोकांना जीपीएस असलेले टेस्टर लागतात, नुसत्या राउंड ट्रिपवर असिमेट्री दिसत नाही, ती दिसत नाही हाच तर सगळा घोळ आहे. रिलेत स्वतःचा चॅनल डिलेचा रेकॉर्ड असेल तर तोही प्रोटेक्शनवाल्यांकडून मागून घ्या.

अलार्म पण तपासा. इकडची केबल काढली की समोर एआयएस (सगळे ‘१’ असलेला अलार्म सिग्नल) दिसला पाहिजे, उलट दिशेला रिमोट अलार्म. काही बॉक्स पॅकेट आले नाहीत तर शेवटचाच डेटा परत-परत वाजवतात, रिलेला ते चालणार नाही, पॅकेट नाही म्हणजे सगळे ‘१’ असंच सेट करा.

कटओव्हर

लाईनला मेन-१ आणि मेन-२ अशी दोन प्रोटेक्शनं असतात. एकच शिफ्ट करा, दुसरं जुन्या एसडीएचवर राहू द्या. रिले ब्लॉक करणं, परमिट, हे सगळं प्रोटेक्शनवाल्यांच्या हातून आणि लेखी, कम्युनिकेशनवाल्याने ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणून केबल हलवायची नाही. क्रम असा ठेवा: आधी ऑफिस आणि सीसीटीव्हीचं इथरनेट, मग स्कॅडा, मग आवाज, मग टेलिप्रोटेक्शनचे कमांड, सगळ्यात शेवटी डिफरन्शियल. शिफ्ट केलेलं मेन-१ एखादा पूर्ण पावसाळा बिनतक्रार चालू द्या, मगच मेन-२ ला हात लावा. फायबरची एकच जोडी असेल आणि दोन्ही नेटवर्क समांतर चालवायला जागा नसेल तर असा बॉक्स बघा ज्याच्यात पॅकेट मॅट्रिक्ससोबत खरा टीडीएम मॅट्रिक्सही (जुन्या टाईमस्लॉट पद्धतीचा स्विचिंगचा भागही) आहे. महाग पडतो, पण रिलेची सर्किटं मूळ टीडीएमवरच राहतात आणि बाकीचं पॅकेटवर जातं, आणि वीज कंपन्यांसाठी मला तरी हाच मधला रस्ता शहाणपणाचा वाटतो.

जुना मक्स बंद करायच्या दिवशी थेट पॉवर काढू नका. आधी त्याची फक्त सिंक आउटपुटची केबल काढा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. कोण होल्डओव्हरमध्ये (रेफरन्स गेल्यावर आठवणीवर चालणं) गेलं ते एनएमएसवर बघा, कारण एखादं एक्स्चेंज किंवा शेजारच्या खोलीतला कुणाचा तरी मक्स त्याच क्लॉकवर जगत असतो आणि त्याची नोंद कुठेच नसते. त्याची सोय लावा, मग कार्डं काढा, आणि चालू असलेली कार्डं भंगारात न देता जिथे तेच मॉडेल अजून चालू आहे त्या सबस्टेशनला लेबल लावून पाठवा.